लॅबमधून आलेला राजीनामा

त्या सोमवारी मी नांदेडच्या ऑफिसात येऊन जेमतेम पर्स टेबलावर ठेवली होती, तेवढ्यात अध्यक्षांकडून निरोप आला. मॅडमना आहे तशा वर पाठवा.

आमची शिक्षणसंस्था फार मोठी नाही. मुख्य कार्यालय आणि एक कॉलेज नांदेडला, दुसरं कॉलेज लातूरला, आणि चाकूरला एक ज्युनिअर कॉलेज. या सगळ्यांचा मेल ज्या सर्व्हरवरून येतो-जातो तो नांदेडला आहे आणि तो मी सांभाळते. एरवी वर्षवर्ष मला कुणी वर बोलावत नाही. मेल चालू असला की माणसं मला विसरतात.

केबिनमध्ये अध्यक्षांसोबत संस्थेचे दोन संचालक बसले होते. बसा म्हणायच्या आधीच अध्यक्षांनी एक छापील पान माझ्याकडे सरकवलं. लातूरच्या प्राचार्यांच्या नावाचं हातानं लिहिलेलं तीन ओळींचं पत्र होतं. वैयक्तिक कारणामुळे प्राचार्यपदाचा राजीनामा देत आहे, तो स्वीकारावा, अशा अर्थाचं. खाली सही. तारीख नव्हती.

"शनिवारी दुपारी आलं हे," अध्यक्ष म्हणाले. "त्यांच्याच मेलवरून. आज सकाळी उघडलं. हे दोघं इथंच बसले होते, यांच्यासमोर स्पीकरवर फोन लावला. ते म्हणून राहिले, मी लिहिलंच नाही. सही बी माझी नाही. मग लिहिलं कोणी?"

"अक्षर त्यांचंच वाटतंय," मी म्हणाले.

"आजकाल कॉम्प्युटरवर काय होत नाही? तेच तर तुम्हाला विचारून राहिलो. संध्याकाळपर्यंत सांगा."

मी खाली येऊन शनिवारचा लॉग उघडला. सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक मेलची एक ओळ त्यात असते, कोणत्या मशीनवरून आला, कुणाच्या नावानं, कुणाला. ती ओळ सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मेल लातूरहूनच आला होता. मशीनच्या अ‍ॅड्रेसचे शेवटचे दोन आकडे होते एकोणीस आणि सत्त्याहत्तर. पासवर्ड दिलेला नव्हता.

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या सर्व्हरचा नियम असा होता की संस्थेच्या नावानं मेल पाठवायचा तर पासवर्ड द्यायचा. पण ऑफिसातल्या मशीनना दर वेळी ते नको, म्हणून मी एक यादी करून ठेवली होती. सर्व्हर पाठवणाऱ्या मशीनचा अ‍ॅड्रेस त्या यादीशी ताडून बघतो. जुळला तर आपल्यातलाच समजून विनापासवर्ड आत घेतो. अ‍ॅड्रेस म्हणजे चार आकडे, मधे टिंबं. पहिले दोन सगळीकडे सारखे. तिसऱ्यावरून मला लातूरमधली जागा कळायची. सोळा असेल तर ऑफिस, सतरा असेल तर लायब्ररी, अठरा आणि एकोणीस म्हणजे कॉम्प्युटर लॅब. लॅब मी मुद्दाम वगळली होती आणि तसं तिथल्या सगळ्यांना सांगितलंही होतं. दोन वर्षांपूर्वी कुण्या विद्यार्थ्यानं तिथून एका सरांच्या नावानं सगळ्यांना सुट्टीची नोटीस पाठवली होती आणि अर्धं कॉलेज घरी बसलं होतं.

म्हणजे लॅबमधून पासवर्डशिवाय मेल येऊच शकत नव्हता, आणि आला होता. माझी यादी चुकली असेल हे माझ्या मनातही आलं नाही. ज्यानं पाठवला त्याला सर्व्हरला कसं चकवायचं हे ठाऊक आहे, असंच मी धरून चालले. आणि लातूरमध्ये तेवढं ज्ञान असलेला एकच माणूस मला माहीत होता. लॅबचे सर.

चाळिशीचे गृहस्थ. बोलणं कमी. स्टाफरूममध्ये न बसता लॅबमध्येच डबा खायचे. वर्षभरापूर्वी त्यांनी मला विचारलं होतं, "ताई, कोणाला आत घ्यायचं हे सर्व्हर ठरवतो कसं? ती यादी एकदा बघायला मिळेल का?" कोणालाही दाखवायची नसते असं म्हणून मी टाळलं होतं. तेव्हा मला तो अभ्यासू माणसाचा प्रश्न वाटला होता. आता तोच प्रश्न आठवला आणि वाटलं, यांना यादी कशाला हवी होती?

संध्याकाळी वर गेले. मेल लॅबमधून आला एवढंच मी सांगितलं. अध्यक्षांनी लॅबच्या सरांचं नाव स्वतःच घेतलं आणि विचारलं, "ते तुमच्याच समाजाचे ना?"

"हो," मी म्हणाले.

"तसं काही मनात आणू नका. जे असेल ते सांगा."

आमचं घर बौद्ध, लॅबच्या सरांचंही. माझे वडील रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात होते, त्यांचे वडील अर्धापूरकडे केळीच्या बागांत रोजानं जायचे. नांदेडच्या विहारात दोघांची ओळख होती. त्या केबिनमध्ये बसलेल्या संचालकांपैकी कुणाचा भाचा लॅबमध्ये असता तर हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसता, हे मला आज कळतं. त्या वेळी मला रागही आला नाही. भीती वाटली. मी आपल्या माणसाला पाठीशी घालते आहे असं यांना वाटलं तर? दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी म्हणाले असते, दोन दिवस द्या, खात्री करून सांगते. त्यांच्याबद्दल मी लगेच म्हणाले, "दुसऱ्या कुणाला जमेल असं वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी मी लातूरला गेले आणि त्यांच्यासमोर त्यांचं मशीन तपासलं. ते खुर्ची मला देऊन बाजूला उभे राहिले. एका फोल्डरमध्ये प्राचार्यांची सही स्कॅन करून ठेवलेली सापडली.

"ही इथं कशी?" मी विचारलं.

"ओळखपत्रं मीच छापतो ना, ताई. प्रत्येक कार्डावर सरांची सही लागते. सरांनीच दिली आहे."

"आणि सत्त्याहत्तर नंबरचं मशीन कोणतं?"

"माझ्या लॅबमध्ये चाळीस मशीन आहेत. एक ते चाळीस नंबर. सत्त्याहत्तर माझ्याकडं नाहीच."

ते खरं बोलत होते. पण मला वाटलं, लपायचं असलेला माणूस वापरात नसलेलाच नंबर घेणार. एकदा संशय धरल्यावर त्यांचं प्रत्येक उत्तर मला त्यांच्याविरुद्धच लागू पडत होतं. त्या सत्त्याहत्तर नंबरवर आत्ता काय आहे, हे बघायला मला पाच मिनिटं लागली असती. मी ती पाच मिनिटं काढली नाहीत, त्या शनिवारच्या लॉगमधल्या बाकीच्या ओळीही बघितल्या नाहीत. अध्यक्षांच्या मेलबॉक्समध्ये मूळ मेल बघितला असता तरी काही कळलं असतं. पण अध्यक्षांचा मेल उघडायचा म्हणजे त्यांची परवानगी मागायची, आणि ती मागायचं धाडस मला झालं नाही.

त्यांचं मशीन नांदेडला पाठवायला सांगितलं आणि जाताना प्राचार्यांना भेटले. साठीला आलेले, शांत, कपड्यांची इस्त्री कधी न मोडलेले. सही सापडल्याचं मी सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. खिडकीकडे बघत म्हणाले, "चौकशी फार लांबवू नका. माणसाचं नुकसान नको."

मला तो त्यांचा मोठेपणा वाटला.

आठवड्याच्या आत लॅबच्या सरांची चाकूरच्या ज्युनिअर कॉलेजला बदली झाली. आदेशात 'प्रशासकीय कारणास्तव' एवढंच होतं. कारण सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतरचा महिना विचित्र गेला. मी लातूरला गेले की स्टाफरूममधलं बोलणं थांबायचं. उपप्राचार्य माझ्यासमोर पासवर्ड टाकताना दुसऱ्या हातानं कीबोर्ड झाकायचे. एक मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आमचे मेल तुम्हाला वाचता येतात म्हणं, खरं काय?" वाचता येतात, पण मी वाचत नाही, असं मी सांगितलं. त्यांना पहिलं अर्धंच ऐकू गेलं असावं. मीही काही वेगळी नव्हते. रोज सकाळी चहाच्या आधी लातूरचा लॉग उघडायचे, कोण कुणाला जास्त लिहितं ते बघायचे; फक्त नावं, मशीनचे अ‍ॅड्रेस नाहीत. उपप्राचार्यांनी एका संचालकांना एका दिवसात चार मेल पाठवले तर माझ्या मनात नाना शंका यायच्या. प्राचार्यपदावर यांचाच डोळा, हे सगळे म्हणत होते. लॅबच्या सरांनी हे यांच्या सांगण्यावरून केलं असेल का? मी मनातल्या मनात दोघांची जोडी लावून टाकली होती. पुरावा काही नव्हता.

मग एक दिवस लातूरहून परत निघाले. नांदेडची एसटी लागली होती. खिडकीजवळ बसले आणि गाडी सुटता सुटता लॅबचे सर चढले. ते राहायचे लातूरलाच, चाकूरला रोज जाऊन-येऊन करायचे. त्या दिवशी त्यांची दुपारपाळी होती. बसमध्ये एकच जागा रिकामी होती, माझ्या शेजारची. ते क्षणभर उभे राहिले आणि मग बसले.

लातूर मागे पडल्यावर ते म्हणाले, "मॅडम, एक सांगायचं होतं." आधी ते मला ताई म्हणायचे.

"सांगा."

"सत्त्याहत्तर नंबर आजही चालू आहे. सकाळी लातूरच्या लायब्ररीतून बघितलं मी. नेटवर्कवरून हाक मारली की मशीन उत्तर देतं."

"तुम्हाला कशाला बघायचं होतं?"

"माझी बदली त्या नंबरामुळं झाली. मी बघू नाही तर कोण बघणार?" ते समोर बघून बोलत होते. आवाज चढलेला नव्हता. "मी चाकूरला आहे. माझं मशीन तुम्ही नेलं. मग ते चालू कोणाचं आहे?"

"तुम्ही काही ठेवून आला असाल." हे माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "तुम्ही लॅब वगळली आहे असं म्हणता. वगळली असेल तर मेल यायलाच नको होता. आला. म्हणजे एक तर मी लई हुशार आहे, नाही तर वगळलेलीच नाही. तुम्ही यादी वाचली का?"

"मीच लिहिली आहे ती."

"वाचली का, ते विचारलं मी."

चाकूरचा स्टँड आला. ते उतरून गेले. मी नांदेडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले. मला त्यांचा राग आला होता. माझ्या कामात मला शिकवणारे हे कोण, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसल्यावर मी सत्त्याहत्तरला हाक मारून बघितली. उत्तर आलं. ठीक आहे, मी म्हणाले, मग त्या नंबरालाच बंदी घालते. त्यासाठी यादी उघडली.

यादीत पहिली ओळ होती ती लातूरच्या सगळ्या नेटवर्कची, सोळापासून पुढं सगळे पत्ते एका झटक्यात आत घेणारी. दुसरी ओळ चाकूरची. तिसऱ्या ओळीत अठरा आणि एकोणीस, आणि त्यांच्यापुढे उद्गारचिन्ह. या यादीत उद्गारचिन्हाचा अर्थ 'हे नकोत' असा होतो. लॅब वगळलेली होती, माझ्या स्वतःच्या हातानं. मी तिच्याकडे बघत बसले, आणि मग जे पहिल्या वर्षी शिकले होते ते आठवलं. सर्व्हर यादी वरून खाली वाचतो आणि पहिलं जे जुळेल तिथंच थांबतो. लॅबचं मशीन आलं की ते पहिल्याच ओळीत जुळत होतं, कारण लॅब लातूरमध्येच आहे. तिसऱ्या ओळीपर्यंत सर्व्हर कधी पोचतच नव्हता. दोन वर्षं मी लॅबला बंदी घातली आहे असं समजत होते आणि दोन वर्षं लॅब उघडी होती. कुणालाही चकवायची गरज नव्हती. कोणीही पाठवू शकत होतं.

एका माणसाची बदली मी या ओळीच्या भरवशावर केली होती.

आणि मग मी जे केलं ते सांगायला बरं वाटत नाही. मी तिसरी ओळ उचलून पहिल्या जागी नेली, फाईल सेव्ह केली, सर्व्हरला नव्यानं वाचायला लावलं आणि कुणाला काही बोलले नाही. आता बरोबर झालंय, एवढंच स्वतःला सांगितलं. घरी जेवताना वडिलांनी विचारलं, आज गप्प का? मी म्हणाले, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला लातूरच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन आला. या बाई प्राचार्यांच्या ऑफिसचं सगळं लिहिण्याचं आणि फाइलींचं काम बघतात.

"मॅडम, आमचं स्कॅन जाऊनच नाही राहिलं सकाळपासून. कालपर्यंत जाऊन राहिलं होतं."

"कुठलं स्कॅन?"

"झेरॉक्स मशीनचं हो. कागद ठेवला, बटण दाबलं की मेलवर यायचं ना. आज नुसतं लाल लाइट लागतंय."

मी विचारलं, "बाई, ते मशीन आधी कुठं होतं?"

"आधी लॅबच्या बाहेर होतं, पॅसेजमध्ये. मागच्या उन्हाळ्यात सरांच्या ऑफिसाबाहेर आणलं. का हो?"

मी दुपारची एसटी धरून लातूरला गेले. मशीन प्राचार्यांच्या दाराबाहेर, बाईंच्या टेबलाशेजारी उभं होतं. त्याच्या पडद्यावर चारदा बोट लावल्यावर अ‍ॅड्रेस दिसला. एकोणीस, सत्त्याहत्तर. मशीन बसवायला आलेल्या माणसानं तेव्हा ते लॅबच्या शेजारी म्हणून लॅबमधला एक रिकामा नंबर देऊन टाकला होता. जागा बदलली, नंबर तोच राहिला. आणि ते मशीन जे काही पाठवायचं ते प्राचार्यांच्या ऑफिसच्या मेलवरून पाठवायचं, तशीच त्याची मांडणी होती. पडद्यावर मोठी दोन बटणं होती. पहिलं अध्यक्षांचं. दुसरं बाईंचं.

"बाई, त्या शनिवारी तुम्ही काही स्कॅन केलं होतं का?"

"त्या शनिवारी ना? हाव. मूल्यांकनाची समिती येणार होती, सगळ्या फाइली स्कॅन करून ठेवा म्हणून सर बोलले होते. कपाटातल्या, ड्रॉवरमधल्या, सगळ्याच केल्या मी. शे-दोनशे पानं होती. सगळी मला पाठवली, दुसरं बटण दाबून." त्या थांबल्या. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचा आवाज बारीक झाला. "एखाद्या वेळी पहिलं दाबलं गेलं असंल तर मला काय कळंल? पानांवर काय लिहिलंय ते मी वाचत नाही बसले."

मी त्यांना म्हणाले की यात तुमचं काही चुकलेलं नाही. मग दार वाजवून आत गेले.

प्राचार्य फाईल बघत होते. मी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं, यादीपासून मशीनपर्यंत. ऐकताना त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे कागद या ऑफिसातूनच गेला," मी म्हणाले. "ड्रॉवरमधल्या फाइलीतून. सर, ते पत्र तुमचंच आहे ना?"

बाहेर तास संपल्याची घंटा झाली. पोरांचा गोंगाट वाढला आणि पुन्हा कमी झाला.

"जूनमध्ये लिहिलं होतं," ते म्हणाले. "प्राध्यापकांच्या मुलाखती झाल्या, आठवतंय? मला जी मुलगी घ्यायची होती ती सगळ्यांत चांगली होती. वरून दुसरं नाव आलं. मी सही केली. सही करून सगळे गेले आणि मी इथंच बसून ते लिहिलं. मग फाइलीत ठेवलं. उद्या पाठवू, परवा पाठवू."

"मग त्या दिवशी फोनवर..."

"स्पीकर चालू आहे हे मला आवाजावरून कळलं. समोर आणखी कोणी बसलंय हेही कळलं. त्यांनी विचारलं, हे काय पाठवलंत? मी पाठवलं नव्हतं हे खरंच होतं. तेवढं सांगून थांबायला पाहिजे होतं. मी म्हणालो, लिहिलंच नाही, सहीही माझी नाही." त्यांनी डोळे चोळले. "लॅबच्या सरांचं नाव निघालं तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. मला वाटलं, तुम्ही तपासाल, काही सापडणार नाही, मिटून जाईल. तुम्हाला सही सापडली."

मला त्यांच्यावर संतापायचं होतं. पण काल रात्री वडिलांना डोकं दुखतंय म्हणून सांगणारी मीच होते.

"मी माझा अहवाल उद्या देणार आहे," मी म्हणाले. "यादी माझ्याकडून चुकली हे लिहीन. मेल झेरॉक्स मशीनवरून गेला हे लिहीन. पत्र कोणी लिहिलं ते मी लिहिणार नाही. ते तुम्ही सांगा."

त्यांनी मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

अहवाल दोन पानांचा झाला. अध्यक्षांनी तो माझ्यासमोर दोनदा वाचला. ओळ वर असली काय आणि खाली असली काय, एवढा फरक कसा पडतो, हे त्यांना पटेना. मी कागदावर आकडे काढून दाखवले.

"म्हणजे चूक तुमची," ते म्हणाले.

"हो."

"आणि महिनाभरानं कळली."

"हो."

"आणि कळली ती नेमकी त्यांच्याशी बसमध्ये बोलल्यावर." हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. मी अहवालात बसचा उल्लेख केला नव्हता. "तुमचं दोघांचं काही ठरलंय का मॅडम? स्पष्ट विचारतो."

"नाही," मी म्हणाले. "मशीन लातूरला उभं आहे. कुणालाही पाठवून नंबर बघून घ्या."

त्यांनी खरंच माणूस पाठवला. नंबर तोच निघाला. आणि तिसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः नांदेडला आले. दार बंद करून तासभर आत होते. काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण बाहेर आल्यावर ते माझ्या टेबलापाशी थांबले आणि म्हणाले, "सांगितलं." राजीनामा लगेच घेतला गेला नाही. ते वर्ष संपेपर्यंत राहिले आणि मग गेले. उपप्राचार्यांना ती जागा मिळाली नाही. त्यांच्याबद्दल मी जे जे मनात रचलं होतं त्यातलं काहीच खरं नव्हतं, हेही मला नंतर कळलं. ते चार मेल स्नेहसंमेलनाच्या मांडवाबद्दल होते.

लॅबच्या सरांच्या बदलीचा आदेश रद्द झाला. नव्या आदेशातही तेच शब्द होते, 'प्रशासकीय कारणास्तव'. मी तो पोचवायला चाकूरला गेले. टपालानं गेला असता, पण मला जायचं होतं. ते वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसले होते. आदेश वाचून त्यांनी तो परत माझ्या हातात दिला.

"हा मी घेणार नाही."

"का?"

"येताना प्रशासकीय कारण, जाताना बी प्रशासकीय कारण. मधल्या काळात लोकांनी माझ्या बायकोला बाजारात विचारलं, तुमच्या सरांनी खोटी सही केली म्हणं. तिनं काय दाखवायचं? हा कागद?"

मी वहीतला एक कागद फाडला आणि तिथंच बसून लिहिलं. सर्व्हरची यादी मी चुकीच्या क्रमानं लिहिली होती. लॅबच्या सरांचा त्या मेलशी काही संबंध नव्हता. खात्री न करता मी त्यांचं नाव घेतलं. खाली सही केली, हुद्दा लिहिला. त्यांनी तो वाचला, 'खात्री न करता' या शब्दांवर बोट ठेवून पुन्हा वाचला आणि घडी करून खिशात घातला. मग आदेशही ठेवून घेतला.

"त्यांनी तुम्हाला विचारलं असंल," ते म्हणाले, "हा तुमच्यातलाच का म्हणून."

"विचारलं."

"आणि तुम्ही घाबरल्या."

"हो."

"मी असतो तर मीही घाबरलो असतो," ते म्हणाले. ते मला माफ करत आहेत असं त्यांच्या आवाजात कुठंही नव्हतं. "पण नाव नसतं घेतलं."

सत्र संपल्यावर ते लातूरला परत आले. तो कागद त्यांनी स्टाफरूमच्या फलकावर लावला नाही, मला वाटलं होतं लावतील. बायकोजवळ दिला असं बाईंकडून कळलं.

त्याच उन्हाळ्यात अध्यक्षांनी हैदराबादहून एक माणूस बोलावला, सर्व्हरची तपासणी करायला. तो तीन दिवस माझ्या खुर्चीवर बसला आणि मी शेजारच्या स्टुलावर. त्यानं यादीची ओळ न् ओळ बघितली. पण त्याहून जास्त वेळ तो माझ्या खात्यानं काय काय उघडलं होतं ते बघत होता. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यानंच सांगितलं, तुम्ही दुसऱ्यांचे मेल वाचता का ते बघायला मला सांगितलं आहे. सांगताना तो बिचारा अवघडला होता. मी म्हणाले, बघा, नीट बघा. मी रोज सकाळी लातूरचा लॉग चाळत होते, ते त्याला दिसलंच असणार.

त्याचा अहवाल अध्यक्षांकडे गेला. मला कुणी दाखवला नाही, मीही मागितला नाही. काम माझ्याकडेच आहे. महिन्यातून एकदा लातूरला जाते. लॅबच्या सरांशी कामाचं बोलणं होतं, मशीन, केबल, नवीन नंबर. जेवायच्या सुट्टीत मी कँटीनला चला म्हटलं तर ते म्हणतात, डबा खाऊन झालाय, आणि लॅबमध्ये परत जातात.